परीक्षेच्या खोलीत बोलणारा संगणक: दिव्यांग विद्यार्थ्यांना तंत्रज्ञान वापरू द्यायचं म्हणजे नेमकं काय?

परीक्षा केंद्राच्या दारात मोबाईल काढून घेतात, स्मार्टवॉच उतरवायला लावतात, कॅल्क्युलेटर कोणता चालेल तेही आधी विचारून घ्यावं लागतं. अशा ठिकाणी एखादा अंध विद्यार्थी कानाला हेडफोन लावून संगणकावर पेपर सोडवतो असं कळलं की ऐकणारा चमकतोच. हे चालतं कसं? नाशिकमध्ये हा प्रश्न मला पालकांनी विचारला आहे, पर्यवेक्षण करणाऱ्या प्राध्यापकांनी विचारला आहे, आणि ज्यांचा तो हक्क आहे त्या विद्यार्थ्यांनीही थोडं बिचकत विचारला आहे.

२०२५ मध्ये हा विषय बातम्यांतही आला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत अंध उमेदवारांना स्क्रीन रीडर वापरू द्यावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि आयोगाने ती तत्त्वतः मान्य केली. पण लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणारे तुलनेने थोडे. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा मात्र पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला द्याव्याच लागतात, आणि तिथे काय करायचं याबद्दल अजून बराच गोंधळ आहे.

नाशिककरांनी यात लक्ष घालावं याला खास कारण आहे. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत हे खरं. पण यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय इथे गंगापूर धरणाच्या बाजूला आहे, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं म्हसरूळला. दोघांचंही कार्यक्षेत्र अख्खं राज्य. नाशिकच्या एका परीक्षा विभागातून निघालेलं परिपत्रक गडचिरोलीच्या आणि सिंधुदुर्गाच्या केंद्रावरही पाळलं जातं. इथे एक नियम नीट लिहिला गेला तर त्याचा फायदा फार लांबवर पोचतो.

## सहायक तंत्रज्ञान म्हणजे काय?

शरीराला किंवा मेंदूला जे काम जड जातं किंवा जमत नाही, ते दुसऱ्या वाटेने करून देणारं साधन म्हणजे सहायक तंत्रज्ञान. यातला सर्वात महत्त्वाचा शब्द स्क्रीन रीडर. पडद्यावर जे लिहिलेलं आहे ते मोठ्याने वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर आहे. विद्यार्थी माउसला हात लावत नाही. बाणाच्या कळांनी एकेक ओळ, एकेक शब्द, हवं तर एकेक अक्षर ऐकतो. स्वतः टाइप केलेलंही त्याला लगेच ऐकू येतं, त्यामुळे चूक झाली की तो मागे जाऊन ती दुरुस्त करतो.

जॉज हा स्क्रीन रीडर जुना आणि विकत घ्यावा लागणारा. एनव्हीडीए हा मोफत. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ च्या सुमारास त्याचं काम सुरू केलं आणि आज जगभर तो वापरला जातो. त्यात मराठी वाचणारा आवाजही आहे. ऐकायला यांत्रिक, पण कान तयार झालेले विद्यार्थी तो इतक्या वेगात लावतात की शेजारी बसलेल्याला एक शब्द कळत नाही.

अंधांपुरतंच हे मर्यादित नाही. ज्यांना थोडं दिसतं त्यांना अक्षर मोठं करून दाखवणारं भिंग संगणकात असतं. ब्रेल वाचणाऱ्यांसाठी ब्रेल डिस्प्ले असतो. त्याच्यावरचे बारीक ठिपके वरखाली होऊन ओळ बोटांखाली उमटते, आवाजाची गरजच पडत नाही. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचा आजार असलेल्याला मोठ्या कळांचा कळफलक किंवा बोलून टाइप करायची सोय लागते. डिसग्राफिया म्हणजे हाताने लिहिण्यातली अक्षमता. असा विद्यार्थी उत्तर घडाघडा सांगेल, पण कागदावर दोन परिच्छेद उतरवताना थकून जाईल. त्याला बहुतेक वेळा साधा कळफलक पुरतो. कर्णबधिर विद्यार्थ्याचं मागणं वेगळं आणि फार थोडं असतं: पर्यवेक्षक ज्या सूचना तोंडी देतात त्या फळ्यावर लिहाव्यात, आणि कानातलं श्रवणयंत्र ब्लूटूथचं उपकरण समजून काढायला लावू नये.

## रायटर मिळतो ना, मग हे कशाला?

विद्यापीठाच्या कागदावर लेखनिक, विद्यार्थ्यांच्या तोंडी रायटर. प्रश्न वाचून दाखवायचा आणि विद्यार्थी सांगेल ते उत्तरपत्रिकेत उतरवायचं, हे त्याचं काम. ही पद्धत जुनी आहे, तिने असंख्य विद्यार्थ्यांना पदव्या मिळवून दिल्या आहेत, आणि जे लोक परीक्षेच्या दिवशी आपली कामं बाजूला ठेवून रायटर म्हणून बसतात त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण या पद्धतीत विद्यार्थ्याच्या हातात काय उरतं ते पाहा. परीक्षा जवळ आली की अभ्यास बाजूला ठेवून रायटरचा शोध सुरू. ज्यांना विचारायचं त्यांचीही त्याच काळात परीक्षा. सुरगाणा किंवा पेठसारख्या तालुक्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलीची इथे ओळखच नसेल तर तिने विचारायचं कोणाला? एखाद्याने हो म्हटलं आणि पेपरच्या सकाळी ताप आला म्हणून तो आला नाही, तर वर्ष पणाला लागतं.

रायटर वेळेवर आला तरी सगळं संपत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी उमेदवाराने स्वतः आणलेला रायटर शिक्षणात त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावा अशी अट घातली. कॉपी होऊ नये म्हणून हे ठीकच. मात्र त्यामुळे शेवटच्या वर्षाची रसायनशास्त्राची विद्यार्थिनी जे नाव सांगते ते रायटरने आयुष्यात कधी ऐकलेलं नसतं. ती स्पेलिंग सांगत बसते, घड्याळ पुढे जातं. आणि उत्तर लिहून झाल्यावर मधला एक मुद्दा वर घ्यावासा वाटला, एक वाक्य बदलावंसं वाटलं, तर? डोळस विद्यार्थी पान उलटून नजर फिरवतो. रायटरला मात्र सगळं पुन्हा वाचायला सांगावं लागतं, आणि बरेच विद्यार्थी संकोचाने सांगतच नाहीत.

संगणकावर तोच विद्यार्थी आपलं उत्तर चार वेळा ऐकतो, खोडतो, पुन्हा लिहितो. तपासणाऱ्याच्या हातात त्याचं स्वतःचं वाक्य पडतं. माझ्या मते या एका गोष्टीसाठीसुद्धा ही सोय द्यायला हवी.

## कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्यात २१ आहेत. डिसलेक्सिया (वाचण्यातली अक्षमता), डिसग्राफिया यांसारख्या अध्ययन अक्षमताही त्यांत येतात. कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करायला सांगितलं आहे आणि जादा वेळ, लेखनिक ही त्याची उदाहरणं दिली आहेत. उदाहरणं म्हणजे संपूर्ण यादी नव्हे, हे लक्षात ठेवावं. कायद्यात आणखी एक संकल्पना आहे, वाजवी सोय: समोरच्यावर बेसुमार भार न टाकता ज्या बदलामुळे दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने भाग घेता येतो तो बदल. अशी सोय नाकारणं हा या कायद्यात भेदभाव धरला आहे.

२०१८ च्या ज्या सूचनांचा वर उल्लेख केला त्यांत परीक्षेसाठी ब्रेल, संगणक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका किंवा उत्तरं ध्वनिमुद्रित करणं यांतला पर्याय शक्यतो विद्यार्थ्याला निवडू द्यावा असं म्हटलं आहे. तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे ३ तासांच्या पेपरला १ तास. संगणकावर परीक्षा असेल तर एक दिवस आधी तो संगणक तपासायची मुभा. स्वतःचा लॅपटॉप आणू नये, पण आपल्या गरजेचा कळफलक किंवा माउस आणता येईल.

सीबीएसईने मात्र २०१८ च्या सुमारास थोडी वेगळी वाट घेतली. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत स्वतःचा, पूर्ण फॉरमॅट केलेला लॅपटॉप आणू दिला. संगणक शिक्षकाने तो आधी तपासायचा, इंटरनेट नाही, आणि वापर प्रश्न ऐकणं, मोठ्या अक्षरात पाहणं आणि उत्तर टाइप करणं यापुरताच. दोन्हींत मला सोयीचं वाटतं ते असं: मुळात संगणक महाविद्यालयाचा असावा, आणि ज्याचं उपकरण अगदी त्याच्या शरीराला बेतलेलं आहे त्याला तपासणी करून स्वतःचं आणू द्यावं.

न्यायालयंही या बाजूने सरकत गेली आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक मंजूर केला आणि त्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही असं सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती पारडीवाला आणि महादेवन यांनी हीच दिशा पुढे नेली: परीक्षेतल्या सोयी ४० टक्क्यांच्या वरच्यांनाच असा भेद ठेवू नये.

## सगळं अडतं ते प्रश्नपत्रिकेच्या फाईलपाशी

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो. परवानगी मिळाली, संगणक आहे, एनव्हीडीए बसवलेला आहे, विद्यार्थिनी हेडफोन लावून बसली आहे. प्रश्नपत्रिकेची फाईल उघडली आणि स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ वाचू लागला. पडद्यावर मात्र स्वच्छ मराठी दिसतंय. पर्यवेक्षकांना वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं, कोणीतरी म्हणतं, "तरी सांगत होतो रायटर घ्या म्हणून."

सॉफ्टवेअर अगदी ठीक असतं. भानगड फॉन्टची असते.

मराठी टायपिंगसाठी वर्षानुवर्षं कृतिदेव, श्रीलिपी अशा पद्धतींचे फॉन्ट वापरले गेले. या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या पोटात साठवली जातात ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. त्यांच्यावर फक्त मराठी आकार चढवलेला असतो. द्राक्षाच्या पेटीवर लेबल द्राक्षांचं आणि आत कांदे भरलेले, तसा हा प्रकार आहे. डोळस माणूस लेबल वाचतो. स्क्रीन रीडर पेटी उघडतो आणि आत जे सापडेल ते सांगतो. 'नाशिक' हा शब्द कृतिदेवमध्ये टाइप केला तर संगणकाच्या लेखी तो 'यू, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, डी' असा असतो. स्क्रीन रीडर तेच बोलणार.

यावरचा उपाय युनिकोड. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणारी ही व्यवस्था आहे. तिच्यात 'क' साठवला तर आतही 'क'च असतो. आपण मोबाईलवर मराठीत मेसेज करतो ते युनिकोडच. मंगल, निर्मला हे युनिकोड फॉन्ट विंडोजसोबत मिळतात, विकत काही घ्यावं लागत नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं मिळतात, पण परीक्षेच्या सकाळी त्यांच्यावर विसंबणं धोक्याचं. आपल्या प्रश्नपत्रिकांत मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी असतं. बदल करताना खरे इंग्रजी शब्दही देवनागरीच्या कचऱ्यात जातात, रफार जागा सोडतो, जोडाक्षरं फुटतात. प्रश्नपत्रिका मुळातच युनिकोडमध्ये टाइप झालेली हवी.

दुसरा अडथळा पीडीएफचा. छापील कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे फोटो. स्क्रीन रीडरला त्यात एकही अक्षर सापडत नाही. युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफमध्येही मराठीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं कधी कधी उलटसुलट होतात. म्हणून साधी वर्ड फाईल सर्वात भरवशाची.

आणि फाईल युनिकोड आहे एवढ्यानेही भागत नाही, कारण आपल्या प्रश्नपत्रिका डोळ्यांसाठी रचलेल्या असतात. 'अधोरेखित शब्दाची जात ओळखा' हा प्रश्न घ्या. स्क्रीन रीडर साधारणपणे शब्द वाचतो, त्याच्याखालची रेघ सांगत नाही. वाक्यापुढे तो शब्द पुन्हा लिहिला की काम झालं. 'जोड्या लावा' मध्ये दोन गट मोकळी जागा सोडून समोरासमोर टाइप केले असतील तर ऐकणाऱ्याला 'अ' गटातलं पद आणि 'ब' गटातलं पद एका दमात, एकाच वाक्यासारखं ऐकू येतं. दोन गट एकाखाली एक द्यावेत. रिकाम्या जागेसाठी मारलेल्या खालच्या रेघा एक तर दहा वेळा बोलल्या जातात किंवा अजिबात बोलल्या जात नाहीत. तिथे सरळ 'रिकामी जागा' असे शब्द लिहावेत.

एक छोटी गोष्ट विद्यार्थ्याची बरीच मिनिटं वाचवते. वर्डमध्ये प्रत्येक मुख्य प्रश्नाला ठळक अक्षर देण्याऐवजी 'हेडिंग' ही शैली लावावी. मग विद्यार्थी एक कळ दाबून एका प्रश्नावरून थेट पुढच्या प्रश्नावर जातो. डोळस विद्यार्थी सुरुवातीला सगळा पेपर चाळून कोणते प्रश्न सोडवायचे ते ठरवतो. हेडिंग असेल तर अंध विद्यार्थ्यालाही ते करता येतं. नसेल तर त्याला पहिल्या ओळीपासून सगळं ऐकत बसावं लागतं.

यात कुठे पैसा लागत नाही, कुठलं यंत्र लागत नाही. प्रश्नपत्रिका टाइप करणाऱ्या माणसाला आणि ती काढणाऱ्या प्राध्यापकांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण दिलं तर पुरतं. विद्यापीठाने दिव्यांग विद्यार्थ्यांच्या नावाने दुसरं काहीही केलं नाही आणि फक्त हे केलं, तरी परिस्थिती पुष्कळ बदलेल.

## गणित, आकृत्या आणि नकाशे

हा भाग अवघड आहे, ते मान्य करायलाच हवं. समीकरण चित्र म्हणून चिकटवलेलं असेल तर ते वाचता येत नाही. क्ष चा वर्ग लिहिताना २ नुसताच वर उचलून ठेवला असेल तर स्क्रीन रीडर 'क्ष दोन' वाचण्याची शक्यता असते, आणि ते क्ष ची दुप्पट असंही ऐकू येऊ शकतं. वर्डच्या समीकरण साधनात टाइप केलेलं गणित मात्र योग्य जोड सॉफ्टवेअर असेल तर एनव्हीडीए वर्ग, वर्गमूळ, अपूर्णांकासकट नीट बोलतो. यातले आवाज इंग्रजीत अधिक चांगले चालतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ताळेबंदाचे तक्ते एक्सेलमध्ये घरासारखे वाटतात, कारण तिथे प्रत्येक चौकटीचा पत्ता ऐकू येतो.

आलेख काढा, नकाशात दाखवा, आकृतीला नावं द्या, अशा प्रश्नांसाठी तितक्याच गुणांचा पर्यायी प्रश्न द्यायचा असतो. २०१८ च्या सूचनांतही ते आहे. हा प्रश्न पेपर काढतानाच तयार हवा. केंद्रावर ऐनवेळी वरिष्ठ पर्यवेक्षकांनी तो सुचवणं विद्यार्थ्यावरही अन्याय आणि त्यांच्यावरही.

## पण मग कॉपीचं काय?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारायलाच हवा असा. संगणक म्हटलं की इंटरनेट, गुगल, पेन ड्राईव्ह डोळ्यांपुढे येतो.

परीक्षेचा संगणक या सगळ्यापासून तोडता येतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला एक संगणक घ्यायचा, नेटची केबल काढायची, वायफाय बंद करायचं, परीक्षेपुरतं नवं खातं उघडायचं. पेन ड्राईव्हची जागा प्रश्नपत्रिका उतरवून घेतल्यावर बंद. हेडफोन वायरचा, केंद्राने दिलेला. फाईल दर काही मिनिटांनी आपोआप जतन होईल अशी सेटिंग. शेवटी प्रिंट काढून प्रत्येक पानावर विद्यार्थ्याची आणि पर्यवेक्षकांची सही, आणि ती पानं उत्तरपत्रिकेला जोडली की कस्टडीत. पर्यवेक्षक शेजारी उभे राहून पडदा बघू शकतात, भरारी पथक येऊन बघू शकतं.

रायटर असतो तेव्हा खोलीत दोन माणसं हलक्या आवाजात बोलत असतात. सांगितलेलं तेवढंच लिहिलं की रायटरने आपल्या पदरचं घातलं, हे बाहेरच्याला कळणं कठीण. या संशयाचा त्रास प्रामाणिक विद्यार्थ्यालाच होतो. संगणकावर हा संशयच राहत नाही.

काही ठिकाणी पडदा कुलूपबंद करणारी परीक्षा सॉफ्टवेअर वापरतात. त्यांतली काही स्क्रीन रीडरलाही आत येऊ देत नाहीत. एक दिवस आधी तपासणी हवी ती यासाठी.

## ऑटोकरेक्ट आणि एआय असेल तर इतरांवर अन्याय नाही का?

इथे एक कसोटी लावावी: हे साधन वाचायची-लिहायची वाट बदलतं, की उत्तरातला काही भाग स्वतः पुरवतं? स्क्रीन रीडर, भिंग, ब्रेल डिस्प्ले, कळफलक पहिल्या गटात. ते उत्तर सुचवत नाहीत. अभ्यास न केलेल्या विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर दिला तर त्याला कोरी उत्तरपत्रिका ऐकू येईल. एआय चॅटबॉट, वाक्य पुरं करून देणारी साधनं दुसऱ्या गटात, आणि ती परीक्षेबाहेरच राहायला हवीत.

मधली जागा स्पेलिंग तपासणीची. इतिहासाच्या पेपरात डिसलेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याला ती दिली तर बिघडत काही नाही, कारण तिथे तपासायचा आहे इतिहास. भाषेच्या पेपरात शुद्धलेखनालाच गुण असतील तर ती बंद ठेवणं योग्य. विषयवार निर्णय आधी घेऊन लिहून ठेवला तर केंद्रावर वाद होत नाही.

बोलून टाइप करायच्या सोयीबाबत थोडी सावधगिरी हवी. अशी बरीच साधनं आवाज इंटरनेटवरून लांबच्या संगणकाकडे पाठवतात, ती परीक्षेत चालणार नाहीत. संगणकातच काम करणारं साधन निवडावं, वेगळी खोली द्यावी, आणि त्या विद्यार्थ्याच्या उच्चारांना ते दाद देत नसेल तर रायटर द्यावा.

जादा वेळेवरही आक्षेप येतो. डोळा पानावरून जितक्या झपाट्याने धावतो तितक्या झपाट्याने कान धावू शकत नाही. त्यात परिच्छेद शोधणं, मागे जाणं, आपण कुठे आहोत ते लक्षात ठेवणं आलं. तासाला २० मिनिटं ही त्याची भरपाई आहे, आणि संगणक दिला म्हणून ती कापून घेऊ नये.

## बनावट प्रमाणपत्रवाले याचा फायदा घेतील?

बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत आणि त्यांनी सगळ्यात जास्त नुकसान खऱ्या दिव्यांगांचं केलं. पण प्रमाणपत्र पडताळायची जागा म्हणजे शासकीय रुग्णालयाचं मंडळ आणि यूडीआयडीची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, नोंद. परीक्षेच्या दारात उभ्या असलेल्या पर्यवेक्षकांनी "दिसतंय ना तुला थोडं?" असं विचारून ते काम करायला जाऊ नये.

## खर्च आणि वीज

एनव्हीडीए मोफत, युनिकोड मोफत, संगणक प्रयोगशाळा बहुतेक महाविद्यालयांत आहे. ब्रेल डिस्प्ले महाग, पण प्रत्येक महाविद्यालयाने तो घ्यायची गरज नाही; तालुक्यात एक केंद्र ठरवून तिथे ठेवता येईल. वीज जाण्याची भीती असते तिथे यूपीएस किंवा बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप, आणि वीज गेल्यास वाया गेलेला वेळ भरून देण्याचा स्पष्ट नियम.

## मग रायटर बंद करायचे?

नाही. दोन वर्षांपूर्वी अपघातात दृष्टी गेलेल्या, अजून कळफलकावर बोटं न बसलेल्या विद्यार्थ्याला संगणक लादणं म्हणजे नवी शिक्षा. कोणत्या विषयाला रायटर आणि कोणत्याला संगणक, हेही विद्यार्थी ठरवू शकतो. कित्येकांना मानसशास्त्राला संगणक हवा असतो आणि संख्याशास्त्राला माणूस. निवड त्याची.

निवड करता यावी म्हणून सराव मात्र पहिल्या वर्षापासून हवा. बारावीपर्यंत रायटरच्याच भरवशावर आलेल्या मुलाला एकदम सत्र परीक्षेत संगणकापुढे बसवलं तर तो गडबडणारच. अंतर्गत परीक्षा, ट्युटोरियल, गृहपाठ त्याने टाइप करून द्यावेत. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकावा; त्यात स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला अशी मांडणी आहे, त्यामुळे न बघता टाइप करायला तो सोपा जातो. नाशिकमध्ये सातपूरला नॅब या अंधांसाठीच्या संस्थेचं काम आहे, डोळस संगणक शिक्षकांनी तिथल्या अनुभवी लोकांशी एकदा बोलून यावं.

## अर्ज कसा करायचा?

परीक्षेचा फॉर्म भरताना दिव्यांगत्वाचा रकाना भरा आणि यूडीआयडी कार्ड किंवा प्रमाणपत्राची प्रत जोडा. तेवढ्यावर थांबू नका. प्राचार्य आणि महाविद्यालयाचे परीक्षा अधिकारी यांच्या नावाने वेगळा लेखी अर्ज द्या, सत्र सुरू होताच द्या, आणि पोच घ्या. समान संधी कक्ष असेल तर त्यालाही प्रत द्या.

अर्जात 'योग्य ती सोय मिळावी' असं मोघम लिहू नका. कोणत्या विषयाला काय हवं ते लिहा: एनव्हीडीए असलेला संगणक, युनिकोडमधली वर्ड फाईल, तासाला २० मिनिटं जादा वेळ, आकृतीच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न, तळमजल्यावरची खोली, परीक्षेच्या आदल्या दिवशी संगणक तपासण्याची वेळ. अधिनियम २०१६ च्या कलम १७ चा आणि परीक्षेबाबत केंद्र सरकारच्या सध्या लागू असलेल्या मार्गदर्शक सूचनांचा उल्लेख करा. संगणक बिघडला तर रायटर तयार ठेवावा, हेही लिहा.

उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर तो लेखी मागा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे त्याच अर्जाची प्रत पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग व्यक्तींसाठीचे राज्य आयुक्त आहेत. त्यांच्याकडे तक्रार करता येते. तक्रारीसोबत पहिल्या अर्जाची पोच जोडावी लागेल, म्हणून ती पहिल्याच दिवशी घेतलेली असावी.